तिसरा फोन

आसनेच्या अलीकडं, वसमतच्या रस्त्याला
एक खांब आहे. माझ्या गिरणीच्या दारातून दिसतो.
त्यावरून केरबा धुळगंडे पडला,
मंगळवारी, अकरा वाजून काही मिनिटांनी.

दिवेलागणीपर्यंत गावानं तो मंगळवार
उसवून उसवून पुन्हा शिवला.

नरहरी म्हणाला, ड्युटी माझी व्हती.
बहिणीला पाहायला पावणे यायचे म्हणून बदलून घेतली.
मी असतो तर…
आणि पुढं त्याला बोलता येईना,
कारण मी असतो तर म्हणजे
मीच असतो.

सबस्टेशनचा रफिक म्हणाला,
फोनवर तो म्हणाला 'झालं नाही',
मला नुसतं 'झालं' ऐकू आलं.
वारं किती व्हतं बगा.
वारं नसतं तर.

कुणीतरी म्हणालं, रोज तो कारखान्याकडून यायचा,
आजच कालव्याच्या वाटेनं आला.
दोन्ही वाटा त्याच खांबापाशी येतात.
तरी सगळ्यांनी माना हलवल्या.

साहेबांनी लिहिलं, हातमोजे घातलेले नव्हते.
मोज्यांची जोडी ऑफिसच्या कपाटात,
कपाटाची चावी एका क्लार्ककडं,
क्लार्क रजेवर.
एवढं खोल कुणी उतरलं नाही.

त्या खांबावरचा स्विच अकरा वर्षं
पुरता उघडत नाही.
तीन पात्यांतलं एक चिकटून राहतं.
शेंबड्या पोराला विचारा, तेही सांगेल.
म्हणूनच असेल,
त्याच्यापुढं कुणी 'जर' लावला नाही.
'जर' लागतो तो बदललेल्या ड्युटीला,
वाऱ्याला, आडवाटेला,
एक दिवस वेगळं वागलेल्या कशालाही.
रोजचं ते जमिनीसारखं.
माणूस पडला तर जमिनीला
कोण जाब विचारतं?

मी त्या सकाळी तीन फोन केले होते.
लाइट कधी येऊलालीय, रफिकभाई?
सतरा डबे लागलेत ओळीनं.
तिसऱ्याला तो वैतागून म्हणाला, आलीच म्हणा.

आणि आली.
मी बटण चालूच ठेवलं होतं.
पट्टा आपोआप फिरला,
मी घाईनं ज्वारी ओतली,
बायका उठून पदर झटकायला लागल्या.
चार सेकंद. मग पुन्हा बंद.
चार सेकंदांचं पीठ
अजून त्या जात्यात कुठंतरी असेल.

पंचनाम्यात माझा फोन नाही.
कुणाच्या 'जर'मध्ये माझा नंबर लागला नाही.
लाइट गेली की फोन करायचाच असतो,
सगळे करतात.
एकदा न राहवून मी गयाबाईपुढं बोललो,
तिसरा फोन केला नसता तर…
ती म्हणाली, आत्याबाईला मिशा असत्या तर
काका म्हटलं असतं. बाजरी बारीक दळ.

तीन महिन्यांनी केरबा आला.
उजवी बाही खांद्यापाशी पिनेनं टाचलेली,
डबा डाव्या हातात.
म्हणाला, खाली देवरावच्या पऱ्हाट्या नसत्या
तर गेलोच असतो, बापू.
लाइनखाली गंजी लावू नको म्हणून
दोनदा भांडलो व्हतो मी त्याच्याशी.
ऐकलं असतं तर!
आणि हसला,
गावभर कुणालाच न सुचलेल्या
त्या बाजूला तोंड करून.

मी सांगणार होतो.
गिरणी चालू होती, आवाज मोठा.
बंद झाली तेव्हा आवाज नव्हता,
तेव्हाही नाही सांगितलं.

त्यानं डाव्या हातानं खिसा चाचपला,
दळणाचे किती?

पैसे घेतले मी.
नसते घेतले
तर त्यानं विचारलं असतं, काहून?